रात्रपाळीला आधी

माझ्या मामाने मुंबईच्या जी. एस. मेडिकल कॉलेजातून एमबीबीएस केलं आणि १९७१ साली तो अमेरिकेत, न्यू जर्सी राज्यातल्या न्यूअर्क शहरात रेसिडेंट डॉक्टर म्हणून रुजू झाला. त्या वर्षांत असे पुष्कळ डॉक्टर निघाले. १९६५ च्या कायद्याने आशियातून येणाऱ्यांवरचा जुना कोटा उठला होता आणि तिथल्या सरकारी हॉस्पिटलांना रात्र रात्र जागणारी तरुण माणसं हवी होती. मामी तीन वर्षांनी गेली. साताऱ्याची, इंग्रजी घेऊन एम. ए. झालेली. मामाच्या हॉस्पिटलशी जोडलेल्या मेडिकल कॉलेजच्या माहिती विभागात तिला टायपिस्टची जागा मिळाली. चाळीस वर्षांनी ती निवृत्त झाली तेव्हा त्या विभागाची प्रमुख होती.

आमच्याकडे कौतुक झालं ते डॉक्टर मामाचं. मामी काय करते, असं कुणी विचारलं तर ‘कॉलेजचं प्रसिद्धीचं काहीतरी बघते’ एवढ्यावर उत्तर संपायचं. मी पुण्यात वर्तमानपत्रात नोकरी करत असल्यामुळे असेल, पण मला त्या ‘काहीतरी’चं कुतूहल होतं. एडिसनच्या त्यांच्या घरी गेले की भाजी निवडता निवडता मी तिला बोलतं करायची. तिच्या गोष्टी तिच्या एकटीच्या नसत. तिच्याआधी त्या कचेरीत असलेल्या माणसांच्या, त्या हॉस्पिटलच्या आसपास जन्मलेल्या म्हाताऱ्यांच्या गोष्टीही त्यांत मिसळलेल्या असत. कुठली तिची आणि कुठली ऐकलेली, ते ती स्वतःच सांगून टाकायची. ‘हे मी पाहिलंय’ आणि ‘हे मला सांगितलंय’ यांत तिची गफलत मी कधी ऐकली नाही.

तिची पहिली वरिष्ठ एक पांढऱ्या केसांची बाई होती. कॉलेज जर्सी सिटीत होतं तेव्हापासून ती तिथे होती. मामी रुजू झाली त्या आठवड्यात त्या बाईने तिच्यासमोर लेटरहेडचे तीन गठ्ठे ठेवले. तिन्हींवर नावं वेगळी, आणि तिन्ही त्याच संस्थेची. टायपिंगच्या आधी हा इतिहास शीक, असं तिचं म्हणणं.

पहिला गठ्ठा सीटन हॉलचा. कॅथलिक धर्मपीठाच्या सीटन हॉल विद्यापीठाने १९५४ साली वैद्यक आणि दंतवैद्यकाचं कॉलेज स्थापन केलं. एवढ्या मोठ्या, कारखान्यांनी भरलेल्या राज्यात त्या वेळी दुसरं मेडिकल कॉलेज नव्हतं. जागा मिळाली ती जर्सी सिटीच्या त्या उंचच उंच हॉस्पिटल संकुलात. ते उभं केलं होतं फ्रँक हेग या महापौराने. त्यातल्या प्रसूतिगृहाला त्याने आपल्या आईचं नाव दिलं होतं आणि जर्सी सिटीतली कितीतरी माणसं आपला जन्म तिथे झाल्याचं अजून अभिमानाने सांगतात. कॉलेज मात्र धर्मपीठाला झेपेना. कर्ज वाढत गेलं. १९६५ साली राज्य सरकारने ते चाळीस लाख डॉलरला विकत घेतलं. दुसरा गठ्ठा त्या सरकारी नावाचा.

पुढची गोष्ट ती बाई आवाज खाली आणून सांगायची, असं मामी म्हणते. सरकारी झालेल्या कॉलेजला कायमची जागा हवी होती. विश्वस्तांची नजर मॅडिसनसारख्या हिरव्यागार उपनगराकडे होती. न्यूअर्कच्या महापौराला ते आपल्या शहरात हवं होतं. विश्वस्तांनी दीडशे एकर मागितले आणि शहर ते द्यायला तयार झालं. ते दीडशे एकर मोकळं माळरान नव्हतं. तो सेंट्रल वॉर्ड होता, कृष्णवर्णीय कुटुंबांनी गच्च भरलेला. दक्षिणेतून कामासाठी वर आलेल्या आणि हप्त्याहप्त्याने घरं घेतलेल्या माणसांचा. आपली घरं ‘झोपडपट्टी निर्मूलना’त जाणार, हे त्यांना कळलं तेव्हा ठरायचं ते बहुतेक ठरून गेलं होतं.

१९६७ च्या मे-जूनमध्ये नगरपालिकेत सुनावण्या झाल्या. माणसं ओळीने उभी राहून बोलली. जुलैच्या १२ तारखेच्या रात्री पोलिसांनी जॉन स्मिथ नावाच्या टॅक्सीचालकाला पकडून मारहाण केली आणि शहर पेटलं. दंगल शमली तोवर २६ माणसं मेली होती. मेडिकल कॉलेजची जमीन हे त्या रागाच्या मुळांपैकी एक होतं, हे पुढे झालेल्या सरकारी चौकशांतही आलं आहे.

मला इथे थांबावंसं वाटतं, कारण आपण कॉलेज म्हटलं की चांगलंच काही येतंय असं धरून चालतो. आरोग्य, शिक्षण, नोकऱ्या. कागदावर ते सगळं खरंही होतं. ज्यांच्यासाठी ते येणार होतं त्यांना मात्र कुणी विचारलं नव्हतं.

त्यानंतर जे घडलं ते अमेरिकेच्या इतिहासात फार वेळा घडलेलं नाही. वस्तीतली माणसं पुन्हा उभी राहिली. लुईझ एपरसन या बाईंचं घर त्या पट्ट्यात होतं. त्यांनी शेजाऱ्यापाजाऱ्यांना गोळा करून आधीच समिती केली होती. तरुण ज्युनियस विल्यम्स कायदा शिकत होता, तो नकाशे घेऊन आला. केंद्र सरकारच्या दोन खात्यांनी राज्याला कळवलं की वस्तीशी बोलून तोडगा निघाल्याशिवाय पैसे सुटणार नाहीत. १९६८ च्या सुरुवातीच्या महिन्यांत वाटाघाटी चालल्या, त्याही उघड्यावर, लोकांच्या समोर. ३० एप्रिल १९६८ रोजी करार झाला. दीडशे एकरांचे साठाच्याही खाली आले. उठणाऱ्यांच्या पुनर्वसनाची आणि वस्तीच्या घरबांधणीसाठी जमिनीची तजवीज झाली. कॉलेजने शहराचं हॉस्पिटल चालवायचं आणि आसपासच्या लोकांना आरोग्यसेवा द्यायची, असं ठरलं. बांधकामावर प्रत्येक कामातले किमान एक तृतीयांश कुशल कारागीर आणि निम्मे शिकाऊ कामगार अल्पसंख्य समाजांतले असतील, हेही लिहिलं गेलं.

मी या कराराची गोष्ट ऐकली तेव्हा मामा जेवणाच्या टेबलावर होता. तो म्हणाला, “आमच्या के. ई. एम.चंही असंच आहे, ठाऊक आहे ना?” मग त्याने त्याच्या प्रोफेसरांकडून ऐकलेली गोष्ट सांगितली. सेठ गोर्धनदास सुंदरदास यांच्या विश्वस्तांनी के. ई. एम. हॉस्पिटलला जोडलेल्या परळच्या जी. एस. कॉलेजला देणगी दिली ती अटीवर. तिथे शिकवणारे भारतीयच असतील, आणि सरकारी नोकरीतले नसतील. तेव्हा वैद्यकीय अध्यापनाच्या मोठ्या जागा इंग्रज अधिकाऱ्यांसाठी राखल्यासारख्या असत. १९२६ साली कॉलेज सुरू झालं तेव्हा डीन होते जीवराज मेहता. मामाच्या पिढीला ही गोष्ट पहिल्या वर्षालाच ऐकवली जायची. “डिसेक्शन हॉलमध्ये हाडं पाठ करायच्या आधी ती अट पाठ व्हायची,” तो म्हणाला. न्यूअर्कला आल्यावर वॉर्डबॉयपासून ट्रेड युनियनच्या माणसापर्यंत सगळे त्या ३० एप्रिलच्या कराराचं बोलत, तेव्हा त्याला ते परकं वाटलं नाही.

तिसरा गठ्ठा १९७० सालच्या विलीनीकरणाचा. राज्यात तोवर दुसरं एक मेडिकल कॉलेज सुरू झालं होतं. रट्गर्स हे तिथलं जुनं विद्यापीठ, १७६६ साली क्वीन्स कॉलेज म्हणून स्थापन झालेलं. त्याने १९६६ मध्ये पहिले वैद्यकीय विद्यार्थी घेतले होते. सरकारला दोन वेगळे संसार परवडेनात. गव्हर्नर विल्यम केहिल यांच्या सहीने कायदा झाला आणि रट्गर्सचं मेडिकल कॉलेज काढून न्यूअर्कच्या कॉलेजशी जोडलं गेलं. रट्गर्सला ते मुळीच रुचलं नाही. तिथले संस्थापक डीन डीविट स्टेटन पद सोडून राष्ट्रीय आरोग्य संस्थेत परतले. नव्या जोडसंस्थेचे अध्यक्ष म्हणून १९७१ मध्ये स्टॅन्ली बर्गन आले आणि १९९८ पर्यंत राहिले. मामीची बहुतेक नोकरी त्यांच्या हाताखाली झाली.

मामी आली तेव्हा हॉस्पिटल जुनंच होतं. नाव मार्टलंड. हॅरिसन मार्टलंड हे त्याच परिसरातले शवचिकित्सक. शेजारच्या ऑरेंज गावी घड्याळांच्या तबकड्यांवर चमकणारा रेडियमचा रंग लावणाऱ्या मुली एकामागून एक दगावत होत्या. त्या रेडियमनेच मरतायत हे त्यांनी १९२५ साली दाखवून दिलं. कंपनीचे डॉक्टर वेगळं सांगत असताना त्यांनी हाडं तपासली. मामीला हे त्या पांढऱ्या केसांच्या बाईने सांगितलं आणि वर म्हणाली, की या हॉस्पिटलची बातमी लिहिताना हा माणूस ध्यानात ठेव. इमारत मात्र मोडकळीला आलेली होती आणि वस्तीत तिचं नाव चांगलं नव्हतं. नाइलाज झाला तरच लोक तिथे जात. मामा सांगतो, की पेशंट पहिल्यांदा आला की आधी दाराकडे बघून घ्यायचा.

एपरसनबाई तोवर त्याच हॉस्पिटलात कामाला लागल्या होत्या. ज्या संस्थेशी भांडल्या, तिथेच रुग्णांची गाऱ्हाणी ऐकायच्या कामावर. मामीने त्यांना हॉलमध्ये पाहिलंय. कुणाचं ऐकून घेताना त्या बसून घेत, उभ्याने ऐकत नसत, एवढंच ती सांगते. मामीने स्वतःच्या खोलीत पहिल्यापासून दोन खुर्च्या जास्त ठेवल्या, त्याचं कारण तिने वेगळं सांगायची गरज नव्हती.

नवं हॉस्पिटल १९७९ साली उघडलं. १९८१ मध्ये संस्था विद्यापीठ झाली, नावात ते आलं. १९८६ मध्ये पिस्कॅटवे-न्यू ब्रन्सविककडच्या, पूर्वी रट्गर्सच्या असलेल्या कॉलेजला जॉन्सन अँड जॉन्सनच्या रॉबर्ट वुड जॉन्सनचं नाव लागलं. प्रत्येक वेळी मामीने पाट्या, पत्रं, फोनवर काय बोलायचं ते, सगळं बदललं. तिला या बदलांबद्दल फार सांगायचं नसतं. नाव बदलणं सोपं, असं तिचं मत आहे.

अवघड होतं ते १९८३. न्यूअर्कमध्ये डॉ. जेम्स ओलेस्की यांच्याकडे अशी बाळं येत होती, ज्यांच्या अंगात रोगाशी लढायची ताकदच उरलेली नव्हती. मोठ्या माणसांतला एड्स नुकता ओळखू येऊ लागला होता. मुलांना तो होऊ शकतो यावर पुष्कळ डॉक्टरांचा विश्वास नव्हता. त्या वर्षी मे महिन्यात अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमध्ये ओलेस्कींचा लेख आला आणि दारात कॅमेरे लागले. सगळ्यांना मुलांचे चेहरे हवे होते. मामी तेव्हा विभागात दुय्यम होती. तिने एकही चेहरा दिला नाही. डॉक्टरांना कॅमेऱ्यापुढे बसवलं, आकडे दिले, आजार कसा पसरतो आणि कसा पसरत नाही हे साध्या इंग्रजीत पानभर लिहून दिलं. ते पान स्पॅनिश आणि पोर्तुगीजमध्येही काढलं, कारण आयर्नबाउंड भागातल्या आया त्याच भाषा वाचत. “पोर बरं झालं असतं तर पुढे त्याला शाळेत जायचं होतं ना,” ती म्हणते. “ते चित्र त्याच्या आधी शाळेत पोचलं असतं.” त्यातली फार थोडी मुलं शाळेत गेली.

२००५ च्या अखेरीचं प्रकरण ती थोडक्यात सांगते. मेडिकेड या गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याच्या दुहेरी बिलांवरून केंद्र सरकारच्या वकिलांनी संस्थेवर हर्बर्ट स्टर्न या माजी न्यायाधीशांची देखरेख बसवली. रोज वर्तमानपत्रात काही ना काही येई. मामीने आपल्या लोकांना एकच सूचना दिली होती, की खरं आहे ते खरं म्हणा आणि न्यायालयाच्या कागदाचा क्रमांक द्या. त्या काळात नर्सेस गणवेशावर कोट घालून बसमध्ये चढत, बिल्ला झाकत, हे तिला अजून लागतं. बिलांचा आणि त्यांचा काय संबंध?

आता दुसरं विलीनीकरण. २०११ च्या जानेवारीत माजी गव्हर्नर टॉम केन यांच्या समितीने सुचवलं, की रॉबर्ट वुड जॉन्सन मेडिकल कॉलेज रट्गर्सला परत द्यावं. पुढच्या वर्षी सॉल बॅरर यांच्या समितीने बेत आणखी वाढवला. अखेर २०१२ च्या जूनमध्ये विधिमंडळात विधेयक मंजूर झालं, २२ ऑगस्टला गव्हर्नर ख्रिस क्रिस्टींनी सही केली आणि १ जुलै २०१३ ही तारीख ठरली. त्या दिवशी मामीचं विद्यापीठ नावानिशी संपणार होतं. बहुतेक कॉलेजं रट्गर्सकडे जाणार, दक्षिणेकडचं स्ट्रॅटफर्डचं ऑस्टिओपॅथिक कॉलेज रोवन विद्यापीठाकडे, आणि न्यूअर्कचं हॉस्पिटल स्वतंत्र संस्था म्हणून उभं राहणार. रट्गर्सचा कॅमडेनचा परिसर रोवनला देण्याचाही घाट होता. तिथल्या विद्यार्थ्यांनी आणि अध्यापकांनी तो हाणून पाडला.

पेपरांनी ‘मेडिकल कॉलेज रट्गर्सकडे परत’ असं लिहिलं. मामा म्हणाला, त्रेचाळीस वर्षांनी लेक माहेरी आली. पिस्कॅटवेच्या कॉलेजपुरतं ते खरं होतं. मामी चिडली. न्यूअर्कचं कॉलेज रट्गर्समध्ये कधीच नव्हतं. न्यूअर्ककरांना ही सासरी पाठवणी वाटत होती, आणि तीही वयाच्या साठीला.

मात्र रट्गर्सबद्दल मामीच्या मनात आकस नव्हता आणि त्याचं कारण साताऱ्यात होतं. तिच्या आईच्या थोरल्या भावाला क्षय झाला तेव्हा औषध नव्हतं. तो गेला. धाकट्याला झाला तेव्हा तो मिरजेजवळच्या वानलेसवाडीच्या सॅनिटोरियममध्ये होता, आणि मिळेल तिथून पैसे उभे करून त्याला स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शनं दिली गेली. तो बरा होऊन शिक्षक झाला, सत्तरी पाहून गेला. ते औषध सापडलं १९४३ साली रट्गर्सच्या शेतकी कॉलेजात, जमिनीतल्या जंतूंवर काम चालू असताना. मामीच्या आईला रट्गर्सचं नाव नीट उच्चारता येत नसे, पण लेक त्या विद्यापीठाजवळ राहते एवढ्याने तिला बरं वाटे. मामी मात्र या गोष्टीला नेहमी एक शेपूट जोडते. पहिल्या शोधनिबंधावर तीन नावं होती: अल्बर्ट शॅट्झ, एलिझाबेथ बुगी आणि सेलमन वाक्समन. १९५२ चं नोबेल एकट्या वाक्समनना मिळालं. शोध लागला तेव्हा शॅट्झ विद्यार्थी होता. त्याला आपला वाटा कोर्टात जाऊन मिळवावा लागला. बुगीचं नाव तर लोकांना माहीतच नाही. विलीनीकरणाच्या काळात नवी माहितीपुस्तिका तयार झाली, तेव्हा त्या परिच्छेदात तिन्ही नावं घालावीत म्हणून मामी अडून बसली, आणि ती आली.

विलीनीकरणाच्या त्या वर्षभरात तिने जे काम केलं ते मी नीट विचारून घेतलं, कारण मला वाटतं तिचं खरं कर्तृत्व त्यात आहे.

तिच्या एका मैत्रिणीच्या हॉस्पिटलात, दुसऱ्या राज्यात, असंच विलीनीकरण झालं होतं. तिथल्या सफाई कामगारांना आपला विभाग बंद होतोय हे घरी टीव्हीवर कळलं. ते मामीच्या डोक्यात बसलं होतं. तिने पहिल्या दिवशी मागणी केली, की कुठलाही निर्णय पत्रकारांकडे जाण्याआधी रात्रपाळीला सांगितला जाईल. दिवसाच्या लोकांना नाही, आधी रात्रीच्या. दिवसा काम करणाऱ्याला कानोकानी कळतंच. रात्री अकराला येऊन सकाळी सातला जाणाऱ्या आयाला, लॅबच्या तंत्रज्ञाला, बॉयलरवरच्या माणसाला कुणी साहेब भेटतच नाही. तिने कॅफेटेरियात रात्री साडेअकराला सभा लावल्या. अध्यक्षांच्या कचेरीतली माणसं आली. कंटाळत आली असतील, पण आली.

प्रश्न कुठले आले? माझी समजूत होती की विद्यापीठाच्या परंपरेचे, प्रतिष्ठेचे असतील. आले ते असे. पेन्शन कोण देणार? मुलीची फी माफ होते ती राहील का? पार्किंगचा बिल्ला बदलणार का? हॉस्पिटल आणि कॉलेज वेगळे झाले तर मी नेमकी कुणाची? शेवटचा प्रश्न सगळ्यात खोल होता. न्यूअर्कमध्ये हॉस्पिटल आणि मेडिकल कॉलेज भिंतीला भिंत लावून उभे आहेत. वर्षानुवर्षं एकच मालक होता. १ जुलैपासून त्याच हॉलमध्ये शेजारी शेजारी चालणाऱ्या दोघांचे पगार दोन संस्थांतून येणार होते.

मामीने प्रत्येक प्रश्नाचं उत्तर लेखी दिलं. ठरलेलं असेल तर ठरलंय, नसेल तर ‘हे अजून ठरलेलं नाही’ अशा शब्दांत, आणि खाली कुणाच्या हातात आहे व कधीपर्यंत ठरेल ते. बाहेरून नेमलेल्या एका सल्लागार कंपनीने तिला मसुदे पाठवले होते. त्यांत उज्ज्वल भविष्य होतं, नवी क्षितिजं होती, पार्किंग नव्हतं. तिने ते बाजूला ठेवले. वर बसलेल्या काहींना ‘ठरलेलं नाही’ हे वाक्य खटकायचं, कमकुवत वाटायचं. मामी म्हणाली, की लोकांना आपल्याला माहीत नाही हे आधीच माहीत असतं. आपण ते मान्य केलं की ते पुढच्या ओळीवर विश्वास ठेवतात. मी पत्रकारितेत इतकी वर्षं काढली, पण संस्थेच्या बाजूने बसलेल्या माणसाकडून हे इतकं स्पष्ट ऐकलं नव्हतं.

विद्यार्थ्यांचं दुखणं निराळं. २०१३ च्या मे महिन्यात पदवी घेणाऱ्यांच्या प्रमाणपत्रावर जुनं नाव आलं, ते शेवटचे. त्यांच्या मागच्या वर्गाने तीन वर्षं एका विद्यापीठात काढली आणि पदवी दुसऱ्याची मिळाली. काहींना रट्गर्सचं मोठं नाव हवंच होतं. काही जण रडले. जुने माजी विद्यार्थी फोन करून विचारत, आमची डिग्री आता कुठल्या विद्यापीठाची म्हणायची? फोनवर बसणाऱ्या मुलींना मामीने सांगून ठेवलं होतं, की या माणसांना घाई करू नका, त्यांना बोलू द्या.

रुग्णांसाठी तिने एकच कागद काढला. इंग्रजी, स्पॅनिश, पोर्तुगीज आणि हैतीच्या क्रियोलमध्ये. तुमचा डॉक्टर तोच, दार तेच, फोन नंबर तोच, तुमचा विमा आज चालतो तिथे उद्या चालेल. तो कागद पाठवण्याआधी त्यातलं प्रत्येक वाक्य खरं असल्याची सही तिने वकिलांकडून आणि बिलिंगकडून घेतली. बसस्टॉपचं नाव बदलणार नाही, हेही त्यात होतं. ते एका म्हाताऱ्या बाईने सभेत विचारलं होतं.

आणि ३० एप्रिल १९६८. कायद्याचा मसुदा आला तेव्हा वस्तीतल्या वृद्धांनी पहिला प्रश्न तोच केला. चव्वेचाळीस वर्षं लोटली होती. सही करणारे बरेच गेले होते. तरी चर्चच्या तळघरात, पेन्शनरांच्या सभेत, लोक ‘तो करार’ म्हणत आणि कुठला ते सांगावं लागत नसे. त्यांच्या मुलांनी तो वाचला नव्हता, ऐकला होता. राजकारणी मंडळींनी, वकिलांनी, वस्तीच्या प्रतिनिधींनी पाठपुरावा केला आणि २०१२ च्या कायद्यात त्या कराराचा उल्लेख नावानिशी आणि तारखेनिशी आला. हॉस्पिटल स्वतंत्र झालं तरी वस्तीला दिलेला शब्द त्याच्यावर बंधनकारक राहिला. मामीचा त्यात वाटा नव्हता, ती तसा दावाही करत नाही. कायदा झाल्यावर मात्र जी पहिली माहितीपत्रिका निघाली, तिच्या पहिल्याच पानावर तिने कराराबद्दलचं कलम छापलं. रट्गर्सहून आलेल्या एका तरुण सहकाऱ्याने विचारलं, की इतकं जुनं कशाला? तिने त्याला गाडीत घालून ट्वेल्फ्थ ॲव्हेन्यूवर नेलं आणि तिथल्या एका नव्वदीच्या आजींच्या पडवीत बसवलं. दुपारभर तो तिथेच होता. पुढे तो कराराबद्दल मामीपेक्षा जास्त बोलू लागला.

१ जुलै २०१३, सोमवार. फोन ऑपरेटरांनी नवं नाव म्हटलं. आयडी कार्डं बदलली. पुढच्या वर्षी दोन्ही बाजूंची नर्सिंग कॉलेजं एक झाली, त्यात आणखी रुसवेफुगवे. नवे कुलपती ब्रायन स्ट्रॉम आले. मामीने त्यांच्या पहिल्या वर्षात नवी माणसं बसवून दिली आणि निवृत्त झाली.

२०२३ मध्ये रट्गर्सच्या नियामक मंडळाने न्यूअर्क आणि न्यू ब्रन्सविकची दोन मेडिकल कॉलेजं मिळून एक करायला मंजुरी दिली. अध्यापकांतून विरोधाचे सूर उठले. न्यूअर्ककर पुन्हा विचारू लागले, की आमचं काय राहणार. मी तेव्हा एडिसनलाच होते. माहितीच्या कामावर असलेला एक तरुण मामीकडे आला. तिने त्याला चहा दिला, चिवडा दिला आणि आधी त्यालाच प्रश्न विचारले. रात्रपाळीला कोण भेटतं? क्रियोल कोण तपासतं? डिग्रीवर कुठलं नाव येणार, हे पहिल्या वर्षाच्या मुलांना सांगितलं का? काही उत्तरं त्याच्याकडे होती, काही नव्हती. त्याने सगळं लिहून घेतलं.

मी मध्येच विचारलं, “मामी, तुझं मत काय? एक व्हावीत की नाही?”

“मी नोकरीत असते तर माझं मत मी कागदावर आणलं नसतं,” ती म्हणाली. “आता नाही, तर सांगते. शिकवण्याच्या दृष्टीने एक होणं वाईट नाही. न्यूअर्कमधला एकही दवाखाना आणि एकही जागा कमी होणार नाही, हे आधी लिहून द्यावं. तारीख घालून. बोलून नको.” मग त्या मुलाकडे वळून म्हणाली, “चर्चमधल्या म्हाताऱ्यांना भेटलास का?”

तो म्हणाला, अजून नाही. कुणाला गाठायचं ते कळत नाहीये.

“गुरुवारी त्यांची बैठक असते. संध्याकाळी सहाला. मी गाडी चालवत नाही आता, तू मला घ्यायला ये. आणि तुझ्या वरिष्ठांना सांग, तेही आले तर बरं.”